खारवट जमिनीत शेणखत टाकण्याआधी

मातीवर पांढरा थर दिसला की लोक आधी खत वाढवतात. त्याआधी पाण्याला वाट आहे का ते पाहा. सेंद्रिय खत क्षार नाहीसे करत नाही. ते मातीचे कण बांधून पोकळ्या वाढवते, पाणी खाली मुरते आणि क्षार मुळांच्या खाली वाहून जातात. निचराच नसेल तर हे सगळे अडकते, म्हणून आधी चर काढा.

चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट वापरा, पण त्याचीही विद्युत वाहकता (क्षार किती आहेत ते दाखवणारे माप) तपासून घ्या. कोंबडीखतात क्षार बरेच असतात, त्यामुळे अशा जमिनीत ते मी तरी टाळेन.

सर्वांत भरवशाचा उपाय हिरवळीचे खत, म्हणजे हिरवे पीकच जमिनीत गाडणे, त्यातही धैंचा हे शेंगवर्गीय पीक. तो क्षार सहन करतो. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, फुलोऱ्याच्या आधी, तो ओल असताना गाडावा. कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड मातीतला चुना विरघळवतो, आणि मोकळे झालेले कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला हटवते.

सामू (pH) ८.५ च्या वर असेल आणि माती ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी होत असेल तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, आहे. तिथे नुसत्या खताने भागत नाही, माती परीक्षणानुसार जिप्समही लागते.

पेरणीनंतर पाचटाचे आच्छादन करा. बाष्पीभवन कमी झाले की खालचे क्षार फारसे वर चढत नाहीत. रोपे कोवळी असताना याचा फायदा सर्वांत जास्त, कारण बहुतेक पिकांची कोवळी रोपेच क्षारांनी आधी मार खातात.