ही गाडी खरंच त्या पुढाऱ्याची होती का? तपासायचं कसं

मागच्या मे महिन्यात शेजारच्या ओंकारने फोन माझ्यापुढे धरला. "काका, घोडबंदर रोडच्या हॉलवर नवरदेव हिटलरच्या गाडीतून आला, बघा!" फोटोत काळी, उघड्या टपाची, लांब नाकाची गाडी आणि खाली ओळ, 'दुसऱ्या महायुद्धात हिटलरने वापरलेली मर्सिडीज आता ठाण्यात'. तासाभरात हाच फोटो मला आणखी तिघांकडून आला.

मी 31 वर्षं विम्यासाठी मोटार सर्व्हेयर म्हणून काम केलं. वागळे इस्टेटची गॅरेजं, तुर्भ्याची गोदामं, कळंबोलीचं ट्रक टर्मिनल, सगळीकडे गाडीखाली वाकून चासी नंबर वाचले. युद्धकाळातल्या पुढाऱ्यांच्या गाड्यांचा नाद त्यातूनच लागला. अशी गाडी समोर आली, की ती मी कशी तपासतो ते इथे सांगतो.

आधी दावा एका वाक्यात वहीत लिहा. कोणी, कधी, कुठे, आणि नेमकी कोणती गाडी. 'वापरली' आणि 'मालकीची' हे दोन शब्द वेगळे ठेवा, निम्मा घोळ तिथेच सुटतो. 28 जून 1914 रोजी साराजेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून झाला, तेव्हा तो ग्रेफ उंड श्टिफ्ट कंपनीच्या 1910 च्या उघड्या गाडीत बसला होता. लोक तिला त्याची गाडी म्हणतात, पण ती काउंट हाराखची होती. पुढे जो जो मालक झाला तो तो मेला, अशीही तिची एक गोष्ट फिरते. पण खुनानंतर ती गाडी व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयात गेली आणि आजही तिथेच आहे. तिला पुढचे मालकच नव्हते, मग मरणार कोण?

नंबर प्लेटवर भाळू नका. याच गाडीचा नंबर 'ए थ्री 118', त्यातला तीन रोमन आकड्यात, म्हणजे तीन उभ्या रेघा. त्या रेघा एक-एक म्हणून वाचल्या की 11-11-18 होतं, पहिलं महायुद्ध थांबलं ती तारीख, आणि 'ए' म्हणजे आर्मिस्टिस, इंग्रजीत युद्धबंदी! नंबर खरा आहे, जुन्या फोटोत दिसतो. पण ऑस्ट्रियात भाषा जर्मन, आणि जर्मनमध्ये युद्धबंदीला 'वाफेनश्टिलश्टांड' म्हणतात. शिवाय ऑस्ट्रिया-हंगेरीचा स्वतःचा युद्धबंदीचा करार 3 नोव्हेंबरलाच झाला होता. नंबर खरा असला म्हणून त्यावर रचलेली गोष्ट खरी होत नाही.

आपल्याकडे एमएच-04 किंवा एमएच-43 ची प्लेट लावलेली गाडी '1942 च्या धामधुमीतली' म्हणून दाखवली, तर आरसी बुकात आधीचा नंबर कोणता होता ते विचारा. एमएच मालिका 1989 पासूनची आहे, म्हणजे ही प्लेट नंतर चढलेली. 2021 च्या नियमांनंतर जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची प्लेट मिळते. तिच्यावरून गाडी 50 वर्षांहून जुनी आहे एवढंच कळतं. कोण बसलं होतं, ते त्या प्लेटवरून कळत नाही.

आता फोटो. गाडीचा बाजूने काढलेला फोटो घ्या, पट्टी लावा आणि चाकाची उंची मोजा. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत तशी किती चाकं बसतात ते पाहा. हिटलरच्या फोटोंमधली मोठी मर्सिडीज म्हणजे 770, तिची 1938 ते 1943 मधली आवृत्ती. आठ सिलिंडरचं साडेसात लिटरहून मोठं इंजिन, लांबी सुमारे 6 मीटर, दोन आसांमधलं अंतर 3.88 मीटर. तिच्यात साडेचार चाकांच्या आसपास बसतात. जीपच्या सांगाड्यावर बांधलेल्या लग्नाच्या गाडीत साडेतीनच्या पुढे क्वचितच जातात.

फोटोत वर्षही तपासा. स्टालिन 1943 मध्ये झिस-110 या सोव्हिएत गाडीत बसला आहे असं कोणी म्हणालं, तर पुढचं वाचायचीही गरज नाही, त्या गाडीचं उत्पादनच 1945 मध्ये सुरू झालं. ती अमेरिकन पॅकार्डसारखी दिसते म्हणून गल्लत होते. पण नाक नव्या वर्षाचं दिसलं म्हणून गाडी लगेच खोटी ठरवू नका. रूझवेल्टची 'सनशाइन स्पेशल' ही 1939 ची लिंकन. पर्ल हार्बरनंतर तिला चिलखती पत्रा बसवला, तेव्हा पुढची जाळी आणि नाक 1942 च्या मॉडेलचं लावलं. ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. नुसती जाळी बघून वर्ष ठरवणारा तिथे हमखास चुकेल.

गाडी प्रत्यक्ष हाताशी असेल तर चासी नंबरचा ठसा घ्या. हे काम सावकाश करायचं. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने जागा पुसा, सँडपेपर अजिबात लावू नका. पातळ कागद चारही बाजूंनी सेलोटेपने ताणून चिकटवा. मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, आकडे पांढरे उमटतात. ते किती खोल आहेत आणि एका ओळीत आहेत का ते पाहा. मग कागद काढून टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा मारा. आधीचा नंबर घासून काढला असेल तर तिथे पत्रा किंचित खोलगट दिसतो, बोटालाही लागतो. प्लेट रिबीटवर बसवलेली असेल तर रिबीटचं डोकं बघा. मधे बारीक भोक असलं तर ती पॉप रिबीट, एका बाजूनेच ओढून बसवता येणारी, म्हणजे प्लेट बहुधा नंतर बसवलेली.

हे मी स्वतः फसून शिकलो. 1996 साली वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात काळी विलायती गाडी आली होती. मालक म्हणाला, चले जावच्या वेळी एका मोठ्या नेत्याला पोलिसांपासून लपवून हिच्यातूनच नेलं. माझे वडील त्याच आंदोलनात तीन महिने आत होते. मी भारावून गेलो, चासीची प्लेट वरवर पाहिली आणि मूल्यांकनाच्या कागदावर 'ऐतिहासिक' असं लिहून दिलं. पंधरवड्याने तिथले म्हातारे डेंटर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, ती रिबीट बघितली का? मधे भोक आहे." मी परत गेलो, ठसा घेतला. प्लेट दुसऱ्याच गाडीची होती. दुरुस्तीचं पत्र दिलं, पण वडिलांच्या आठवणीने माझे डोळे झाकले गेले होते, हे अजून सलतं. म्हणून सांगतो, जी गोष्ट ऐकून तुमचं मन भरून येतं ती दुप्पट तपासा.

यानंतर मालकांची साखळी. इथे कंटाळा करू नका, खरा निकाल इथेच लागतो. एक मोठी मर्सिडीज 1945 च्या मे महिन्यात साल्झबुर्गजवळ एका अमेरिकन सैनिकाच्या हाती लागली. ती हिटलरचा हवाईदलप्रमुख गोअरिंग याची म्हणून प्रसिद्ध झाली आणि 1970 मध्ये त्याच ओळखीने कॅनडाच्या युद्ध संग्रहालयात आली. तिथले ग्रंथपाल लुडविग कोशे यांना ती ओळख पटेना. त्यांनी जुने फोटो आणि कागदपत्रं जमवून एकेक दुवा जुळवला आणि दाखवून दिलं, की ती गोअरिंगची नव्हती, हिटलरच्या ताफ्यातली होती.

त्याच जातीची दुसरी गाडी शिकागोचे व्यापारी ख्रिस्तोफर जेनस यांनी 1948 मध्ये स्वीडनहून आणली. ती हिटलरची गाडी म्हणून अमेरिकेत गावोगाव दाखवली गेली, लोकांनी पैसे देऊन पाहिली. नंतर उलगडलं, की ती हिटलरने डिसेंबर 1941 मध्ये फिनलंडच्या मार्शल मॅनरहाइमना भेट दिलेली गाडी होती. एका गाडीवर गोअरिंगचं नाव होतं आणि ती निघाली हिटलरची, दुसरीवर हिटलरचं नाव होतं आणि ती निघाली मॅनरहाइमची! दोन्ही अस्सल, दोन्ही युद्धातल्या, फक्त मधले दुवे कोणी विचारले नव्हते. म्हणून वर्षांची उभी यादी करा. प्रत्येक वर्षापुढे गाडी कोणाकडे होती आणि ते कशावरून कळलं, हे लिहा. जिथे जागा रिकामी राहील तिथे लाल पेनाने गोल करा.

साखळी पूर्ण असली की कशी दिसते ते बघायचं असेल तर कोलकात्याला एल्गिन रोडवर नेताजी भवनात जा. तिथे 1937 ची जर्मन वाँडरर आहे, नंबर बीएलए 7169. 16 जानेवारी 1941 च्या मध्यरात्रीनंतर सुभाषबाबू नजरकैदेतून निसटले ते याच गाडीने. गाडी पुतण्या शिशिर बोस यांनी चालवली, आधी धनबादजवळच्या बरारीपर्यंत आणि पुढच्या रात्री गोमो स्टेशनपर्यंत. घरात मोठी स्टुडबेकरही होती, पण ती शिशिर यांचे वडील शरदबाबूंची म्हणून सगळ्यांच्या ओळखीची होती, म्हणून वाँडरर निवडली. चालवणाऱ्याने स्वतः लिहून ठेवलेली हकीगत, घराण्याकडेच राहिलेली गाडी आणि तोच नंबर, तिन्ही एकमेकांना धरून आहेत. 2017 मध्ये दुरुस्त होऊन ती पुन्हा लोकांसमोर आली. तिचा रंग आज झळाळतो, तो नवा आहे. दुरुस्त केलेल्या गाडीचा रंग, गाद्या, टायर पुरावा म्हणून धरू नका. सांगाडा, नंबर आणि कागद धरा.

ओंकारच्या फोटोचं काय झालं? आम्ही दोघं रविवारी सकाळी कोलशेतला त्या गाडीवाल्याकडे गेलो. माणूस सज्जन, त्याने बॉनेट उघडून दिलं. आत जीपचं डिझेल इंजिन. ओंकारने एका टोकाला टेप धरला, मी दुसऱ्या टोकाला. चार मीटर तीस सेंटिमीटर. गाडीवाला म्हणाला, "मी कधीच हिटलरची म्हटलं नाही हो. लग्नासाठी बांधून घेतली. नाव लोकांनीच चिकटवलं." ओंकारने टेपवरच्या आकड्याचा फोटो काढला आणि तिथूनच ग्रुपवर टाकला.