नवा राउटर आला, पण प्रिंटर जुनंच वायफाय शोधतोय?

इंटरनेट कंपनी बदलली की मोबाइल, लॅपटॉप दोन मिनिटांत नव्या वायफायला जोडले जातात. अडून बसतो तो प्रिंटर. त्याला धड स्क्रीन नसते, आणि बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर निवडत पासवर्ड घालायचा म्हणजे जिवावर येतं.

त्यापेक्षा प्रिंटरला हातच लावू नका. नव्या राउटरलाच जुनं नाव द्या.

१. राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याचा पत्ता आणि लॉगिन असतं. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून आत शिरा.
२. वायरलेस सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा भाग उघडा. घरगुती प्रिंटर बहुतेक याच बँडवर चालतात. ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं ठेवलंत तरी चालेल.
३. नाव आणि पासवर्ड जुन्या वायफायचेच घाला, अगदी तंतोतंत. कॅपिटल-स्मॉल अक्षर किंवा एखादी स्पेस चुकली तरी प्रिंटर ओळख दाखवणार नाही.
४. सिक्युरिटी डब्ल्यूपीए-२ ठेवा. नुसतं डब्ल्यूपीए-३ असेल तर जुने प्रिंटर जोडलेच जात नाहीत.
५. सेव्ह करा, जुना राउटर बंद करा, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा.

स्मार्ट प्लग, टीव्ही, कॅमेरेही याच फटक्यात जोडले जातात, हा वरचा फायदा. तरीही लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’ दिसलं, तर प्रिंटर यादीतून काढून पुन्हा जोडा.

मात्र जुना पासवर्ड अख्ख्या मजल्याला ठाऊक असेल, तर ही युक्ती नको. तेव्हा नवा पासवर्डच ठेवा आणि बटणं दाबत बसा.