गंगापूर धरणातून आत्ता किती पाणी सोडलंय, हे नेटवर नीट कसं शोधायचं

पावसाळ्यात दरवर्षी तेच होतं, ग्रुपवर नाशिकच्या गोदाकाठचा दुतोंड्या मारुती (पुराचं पाणी किती चढलं ते ज्यावरून बघतात ती मूर्ती) बुडाल्याचा व्हिडिओ येतो आणि रामकुंडाजवळ दुकान असलेल्यांची धावपळ सुरू होते, नंतर कळतं की तो 2019 च्या पुराचा होता. माझ्या मामांनी असंच रात्री अकराला सगळा माल माळ्यावर चढवला होता.

तर आधी सर्चमध्ये नुसतं 'गंगापूर धरण' टाकू नका, जुनंच सगळं वर येतं. 'गंगापूर धरण विसर्ग क्युसेक' असं टाका, कारण बातमीत आणि सरकारी पत्रकात हेच शब्द असतात (विसर्ग म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी, आणि 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर). मग गुगलच्या टूल्समध्ये जाऊन वेळ 'मागचे 24 तास' करा, पाऊस जोरात असेल तर 'मागचा 1 तास'. ठराविक तारखेनंतरचंच हवं असेल तर शब्दांपुढे इंग्रजीत आफ्टर, त्याला चिकटून कोलन आणि वर्ष-महिना-दिवस, मधे स्पेस नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बातमी उघडल्यावर आकड्याशेजारची वेळ बघा. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, त्यामुळे सकाळी सातचा आकडा दुपारी उपयोगाचा नाही, आणि पानावर 'अपडेटेड' आजचं असलं तरी आत मजकूर कालचा असू शकतो! जिल्हा प्रशासनाच्या किंवा जलसंपदाच्या पोस्टशी आकडा जुळला तरच पुढे पाठवा.

लासलगावच्या कांदा भावालाही हेच, तारीख बघा आणि भाव क्विंटलचा आहे ना तेही.