फुग्यांचे मोठे टांगते झुंबर कसे बांधावे

छताला टांगायचा फुग्यांचा घोस टेबलावर बांधून मग वर नेण्याची चूक बहुतेकांच्या हातून एकदा तरी होते, आणि मीही ती केलेली आहे. टेबलावर देखणा दिसणारा तो घोस वर चढवल्यावर एका बाजूने चपटा दिसू लागला आणि खाली उभ्या असलेल्या पाहुण्यांना फुग्यांऐवजी गाठीच तेवढ्या दिसत राहिल्या. टांगायची वस्तू टांगूनच बांधावी, हे मला त्या दिवशी पटले. पुढची सारी पद्धत त्यावरच बेतलेली आहे.

येथे सांगितलेले झुंबर मध्यभागी सुमारे सव्वादोन फूट रुंद आणि तीन फुटांहून थोडे अधिक लांब होते. त्यासाठी बारा इंची वीस फुगे, पाच इंची बारा फुगे, फुटण्याचा हिशेब धरून दोन्ही प्रकारचे चार-पाच जादा फुगे, हातपंप, जाड पुठ्ठा आणि तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) एवढे साहित्य पुरते. तंगूस छताच्या उंचीच्या दुप्पट आणि त्याशिवाय सात-आठ फूट घ्यावा, कारण थर बांधताना तो वेढ्यांमध्ये बराच खर्च होतो. हेलियमची येथे काहीच गरज नाही. वजन दोरी पेलणार आहे, आणि रबरी फुग्यातला हेलियम साधारण दिवसभरात इतका कमी होतो की फुगा खाली येतो, तर साध्या हवेचे फुगे घरात कित्येक दिवस टिकतात.

सर्वांत जास्त वेळ मापावर घालवावा. पुठ्ठ्यात ५, ७, ९ आणि ११ इंच व्यासाची चार भोके कापून घ्यावीत. प्रत्येक फुगा मापापेक्षा किंचित जास्त फुगवून, हवा हळूहळू सोडत, तो भोकातून कडेला जेमतेम घासून पार होईल इतका ठेवावा आणि मगच गाठ मारावी. नजरेच्या अंदाजाने फुगवलेल्या फुग्यांत इंचभराचा फरक सहज पडतो आणि वर टांगल्यावर तो लपत नाही. बारा इंची फुगा पूर्ण बारा इंच फुगवू नये. तो तोंडाकडे पेरूसारखा निमुळता होऊ लागला की रबर गरजेपेक्षा जास्त ताणले गेले आहे असे समजावे. रबर ताणले की रंग फिकट होतो, त्यामुळे सात इंचांचे फुगे अकरा इंचांच्या फुग्यांपेक्षा गडद दिसतील. मला ही छटा आवडते. ज्यांना ती नको असेल त्यांनी पांढरा रंग निवडावा.

फुगवलेल्या दोन सारख्या फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना बांधून जोडी करावी, आणि अशा दोन जोड्या एकमेकींवर आडव्या ठेवून मधोमध दोनदा पीळ दिला की चौकडी तयार होते. शेपटी बोटाभोवती गुंडाळताना रबर कचकचते आणि विसाव्या फुग्यापर्यंत तर्जनी लाल होते. बोटाला आधीच कागदी चिकटपट्टी गुंडाळून घेतलेली बरी. अशा सात चौकड्या लागतात: ५, ७, ९, ११, ९, ७ आणि ५ इंचांच्या.

आता तंगूस छताच्या हुकातून ओवून एक टोक भिंतीकडे न्यावे आणि दुसरे छातीच्या उंचीवर, खाली सात-आठ फूट मोकळे राहील असे धरावे. हूक पक्का असावा. पंखा, दिवा किंवा आग विझवण्याच्या फवाऱ्याचा नळ यांना काहीही बांधू नये, कारण दिव्याच्या उष्णतेने फुगे फुटतात आणि पंखा चुकून सुरू झाला तर काय होईल हे सांगायला नको. पाच इंची पहिली चौकडी घट्ट गाठीने बांधावी. नंतर सात इंचांची चौकडी खालून वर दाबून, तिचे फुगे वरच्या थराच्या खाचांत बसतील अशी अर्धवट वळवावी आणि मोकळा तंगूस तिच्या मध्यावरून समोरासमोरच्या फुग्यांमधून दोनदा फिरवून ताणावा. थर बसला की भिंतीकडचे टोक ओढून काम पुन्हा छातीशी आणावे. अशा रीतीने सातही थर एकाच उंचीवर, शिडीविना बांधून होतात. मध्येच झुंबर तिरके वाटले तर खालचा थर किंचित फिरवून पाहावा, बहुधा तेवढ्याने ते सरळ होते.

शेवटच्या थराखाली गाठ मारून पाच इंचांच्या उरलेल्या चार फुग्यांची चौकडी तिथे बांधली की गाठ झाकली जाते. खालून पाहणाऱ्यांना नेमकी हीच जागा दिसणार असल्यामुळे उत्तम रंगाचे फुगे तिच्यासाठी राखून ठेवावेत.

एवढ्या मोठ्या वस्तूचे वजन फारच थोडे असते, त्यामुळे खरी काळजी वाऱ्याची: उघड्या खिडकीसमोर टांगल्यास ती गरगर फिरते आणि तंगुसाला पीळ पडतो. उन्हातही टांगू नये; हवा प्रसरण पावून गडद फुगे आधी फुटतात. कोणाला रबराची ॲलर्जी आहे का, हेही आधी विचारून घ्यावे. काम संपल्यावर दोरी सैल सोडून झुंबर जमिनीवर आणावे, फुगे एकेक करून शेपटीजवळ कात्रीने कापावेत आणि तुकडे लगेच उचलावेत, कारण लहान मुलाच्या घशात अडकणारा फुगा बहुतेक वेळा न फुगवलेला किंवा फुटलेलाच असतो.