व्हिटॅमिन डी घ्यायचे कसे? पावसाळ्यात गोळी सुरू करण्याआधी वाचा

गोव्यातल्या अस्नोड्याच्या माझ्या मामीने गेल्या पावसात दोन महिन्यांच्या आठ गोळ्या आठ दिवसांत संपवल्या. आठवड्याला एक घ्यायची ६०,००० युनिटची गोळी ती रोज घेत होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बरोबर लिहिले होते, पण गोळी म्हणजे रोज जेवल्यावर एक, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. नवी पट्टी आणायला सांगितली तेव्हा आम्हाला कळले. रक्तातले कॅल्शियम तपासले, ते ठीक निघाले. तरी त्या दोन दिवसांची धास्ती मी विसरलेले नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी कशासाठी घेता ते ठरवा

मामीला कोणीतरी सांगितले होते, "ह्याने प्रतिकारशक्ती वाढते, सर्दी-ताप येत नाही." यात अर्धे खरे आहे. आपल्या पांढऱ्या पेशींना व्हिटॅमिन डी लागते. जंतू मारणारे कॅथेलिसिडिन नावाचे द्रव्य त्या त्याच्याच मदतीने बनवतात. म्हणून कमतरता भरून काढलीच पाहिजे. पण ज्याच्या रक्तात ते पुरेसे आहे, त्याने आणखी घेतले म्हणून शरीर जास्त बळकट होत नाही. २०१७ साली २५ चाचण्यांचा एकत्र अभ्यास झाला. त्यात श्वसनाच्या संसर्गापासून सगळ्यांत जास्त बचाव झाला तो ज्यांची पातळी फार कमी होती त्यांचा, आणि तोही रोज किंवा आठवड्याला नेमाने डोस घेतल्यावर. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना फायदा दिसला नाही. पुढे २०२५ मध्ये आणखी चाचण्या मिळवून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा एकूण फायदा ठामपणे म्हणता येईल इतका उरला नाही. तेव्हा कमतरता असेल तर जरूर घ्या. सर्दीवरचे औषध म्हणून घेऊ नका.

ऊन आणि ताट पाहा

गोव्यात ऊन बारमाही कडक, मग कमतरता कशी, असे वाटते. पण आपण उन्हात असतो किती? स्कूटरवर पूर्ण बाह्यांचे जॅकेट, हातमोजे, तोंडावर ओढणी. मग ऑफिसात काचेआड. त्वचेत व्हिटॅमिन डी बनवणारे किरण काचेतून आत येत नाहीत. सकाळचे कोवळे ऊन चांगले, हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्या उन्हात हे किरण फार थोडे असतात. सोपी खूण सावलीची: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन कामाचे. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरे, त्वचा भाजेपर्यंत नको. सावळ्या त्वचेला जरा जास्त वेळ लागतो.

पावसाळ्यात दोन्ही वाटा अरुंद होतात. आभाळ भरलेले, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. त्यातच श्रावण येतो आणि बऱ्याच घरांत नुस्ते, म्हणजे मासे, चुलीवर चढत नाही. बांगडा, तारले हे तेलकट मासे व्हिटॅमिन डीचे खरोखर चांगले साधन. शाकाहारी घरांनी दूध आणि तेलाच्या पिशवीवर निळी "+एफ" खूण पाहावी; त्यात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेले असते.

तपासणी

ठणठणीत माणसाने उगाच करायची गरज नाही. हाडे दुखतात, उतारवय आहे, घराबाहेर पडणे होत नाही, मूत्रपिंड वा यकृताचा आजार आहे, फिटच्या गोळ्या चालू आहेत, अशांनी डॉक्टरांना विचारावे. तपासणीचे नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. उपाशी राहावे लागत नाही. साधारणपणे २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता धरतात. मात्र एकक वाचा. काही प्रयोगशाळा नॅनोमोलमध्ये आकडा देतात, तिथे ५० म्हणजे आपले २०.

डोस

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट, आणि वरची मर्यादा ४,०००. बाटलीवर मायक्रोग्रॅम लिहिले असेल तर ४० ने गुणा. कमतरता निघाली तर डॉक्टर बहुधा आठवड्याला ६०,००० असे आठ आठवडे देतात आणि मग कमी डोसवर आणतात. हा कोर्स आहे, तो संपतो. फार्मसीतून तीच पट्टी पुन्हा पुन्हा आणू नका. कॅल्शियमच्या आणि मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीतही डी असते, तेही बेरजेत धरा. वर्षाला एकच जबर डोस घेऊन मोकळे व्हावे, असा मोह होतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले होते; त्या जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली.

तान्ह्या बाळाला थेंब द्यायचे असतील तर (रोज ४०० युनिट) त्याच बाटलीचा ड्रॉपर वापरा. एका मिलिलिटरमध्ये किती, हे प्रत्येक बाटलीचे वेगळे असते.

घ्यायची कशी

हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळते. उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर नको, जेवणानंतर घ्या. नारळ घातलेले हुमण-भात झाले की उत्तम.

कोणी जपावे

मुतखडा, क्षयरोग, सारकॉयडोसिस, पॅराथायरॉईडचा त्रास असलेल्यांनी, तसेच थायझाइड गटातली रक्तदाबाची गोळी किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी स्वतःहून सुरू करू नये. गोळ्या चालू असताना मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर गोळी बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रक्तातले कॅल्शियम वाढल्याची ही लक्षणे असतात, आणि त्यात मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आठवड्याच्या गोळीसाठी वार पक्का करा आणि पट्टीवर पेनने तारखा घाला. मामीची पट्टी आता माझ्या मामेबहिणीकडे असते. मामी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाते, म्हणून तिचा वार शुक्रवार. बाजारातून येऊन जेवली की बहीण एक गोळी तिच्या हातावर ठेवते, आणि कॅलेंडरवर फुली मामी स्वतः मारते.