पीएचपीमधून सोप सर्व्हिस कॉल करताना डोकं कुठे फिरतं

सोप (एक्सएमएल मजकुरातून दोन सिस्टिम्सनी एकमेकींशी बोलायची जुनी पद्धत) म्हटलं की नवीन पोरं नाक मुरडतात, पण जुन्या सिस्टिम्सशी बोलायची वेळ आली की ते गळ्यात पडतंच. आधी टर्मिनलवर पीएचपी डॅश एम मारा आणि यादीत सोप दिसतंय का बघा. नसेल तर उबंटूवर पीएचपी-सोप पॅकेज टाका, विंडोजवर पीएचपी डॉट आयएनआयमधल्या सोप एक्स्टेंशनच्या ओळीच्या आधीचा अर्धविराम काढा आणि सर्व्हर रिस्टार्ट करा.

सरावाला युरोपियन युनियनची व्हीआयईएस सर्व्हिस मस्त आहे, तिथल्या कंपनीचा व्हॅट नंबर खरा आहे का ते सांगते. सोपक्लायंटचा ऑब्जेक्ट बनवायचा, त्याला डब्ल्यूएसडीएलचा (सर्व्हिसमध्ये कोणती फंक्शन्स आणि फील्ड्स आहेत ते सांगणारी फाइल) पत्ता द्यायचा आणि लगेच गेटफंक्शन्स, गेटटाइप्स चालवून प्रिंट करायचं (दोन्हीच्या आधी दोन अंडरस्कोर). सर्व्हिसला काय हवंय ते ती स्वतःच सांगते, तरी लोक हे सोडून तासभर अंदाज मारत बसतात. इथे चेकव्हॅट दिसेल, त्याला कंट्रीकोड आणि व्हॅटनंबर एकाच ॲरेमध्ये द्यायचे, सुटे दोन पॅरामीटर नाही. जर्मनीचा नंबर असेल तर डीई फक्त कंट्रीकोडमध्ये, नंबरच्या पुढे परत चिकटवायचं नाही. उत्तरात व्हॅलिड म्हणून बूलियन येतो.

कॉल ट्राय-कॅचमध्येच टाका आणि सोपफॉल्ट (सोपची एरर) पकडा. त्या देशाचा सर्व्हर बंद असला तरी फॉल्टच येतो, म्हणून लगेच नंबर खोटा ठरवू नका, थोड्या वेळाने परत विचारा.

आता माझं रडगाणं. एका क्लायंटच्या व्हेंडरने न सांगता डब्ल्यूएसडीएलमध्ये एक फील्ड वाढवलं, ब्राउझरमध्ये ते मला स्पष्ट दिसत होतं, पण माझ्या कोडमधून जाणाऱ्या एक्सएमएलमध्ये काही केल्या येईना, आणि मी अर्धा दिवस स्वतःच्याच ॲरेचं स्पेलिंग तपासत बसलो. पीएचपी डब्ल्यूएसडीएल कॅश करून ठेवतं, डीफॉल्ट 86400 सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस! डेव्हलपमेंटला कॅश डब्ल्यूएसडीएलचा ऑप्शन नन करा, लाइव्हवर मात्र चालू राहू द्या, नाहीतर दर वेळी ती फाइल परत डाउनलोड होत बसेल.

सोपक्लायंटचा ट्रेस ऑप्शन पण ट्रू ठेवा, मग गेटलास्टरिक्वेस्टने (याच्याही आधी दोन अंडरस्कोर) नेमकं काय गेलं ते एक्सएमएल बघता येतं. समोरच्या टीमला "चालत नाहीये" असं कळवण्यापेक्षा ते पाठवा, उत्तर पटकन येतं.

टाइमआउटमध्येही गंमत आहे. कनेक्शन टाइमआउट फक्त जोडणीपुरता, उत्तराची वाट किती बघायची ते डीफॉल्ट सॉकेट टाइमआउट ठरवतं, ते मुळात 60 सेकंद असतं. आणि उत्तरातल्या यादीत एकच आयटम आला तर ॲरेऐवजी सरळ ऑब्जेक्ट मिळतो आणि फॉरईच गंडतं, त्यासाठी सोपक्लायंटच्या फीचर्स ऑप्शनमध्ये सोप सिंगल एलिमेंट ॲरेज टाकून ठेवा.