दाखल नोंदवही ऑनलाइन नेताना: सुरुवात दहा पुस्तकांपासून करा

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या वाचनालयात कमरेएवढं पाणी होतं. भिजलेली काही पुस्तकं परत विकत घेता आली. पण दाखल नोंदवहीची, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमानं नोंदायच्या वहीची, शाई पसरली आणि आपल्याकडे नक्की काय काय होतं, हेच सांगता येईना. ग्रंथपाल म्हणून ते मला फार लागलं.

तेव्हापासून कुठलंही नवं ऑनलाइन साधन आलं की मी आधी एवढंच बघते: यात भरलेलं मला फुकटात बाहेर काढता येतं का? एका मोफत ॲपमध्ये मी आठशे पुस्तकं भरली होती. फुकट वापराची मुदत संपल्यावर माझीच यादी उतरवून घ्यायला त्यांनी पैसे मागितले. म्हणून आधी फक्त दहा पुस्तकं भरा, सीएसव्ही फाईल (कुठल्याही साधनात उघडणारी साधी तक्त्याची फाईल) उतरवा आणि ती उघडून मराठी नीट दिसतंय का बघा. एक्सेलमध्ये ती डबल क्लिकनं उघडली तर अक्षरांचा चुथडा दिसू शकतो. फाईल गूगल शीट्समध्ये उघडा, किंवा एक्सेलच्या ‘डेटा’ मेनूतून युटीएफ-8 निवडून आत घ्या.

सुरुवातीला गूगल शीट्स पुरतं. रकाने असे करा: दाखल क्रमांक, शीर्षक, आडनाव, नाव, प्रकाशक, वर्ष, किंमत, वर्गांक (विषयाचा क्रमांक), आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक), शेरा. आकडे भरण्याआधी दाखल क्रमांक आणि आयएसबीएनचे रकाने ‘प्लेन टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर 0457 चा 457 होतो. आकडे मराठी की इंग्रजी तेही आधीच ठरवा. ४५७ शोधलं तर 457 सापडत नाही.

टायपिंगची भीती नको. फोनमधल्या जीबोर्ड या गूगलच्या कळफलकावर मराठी निवडून माईकचं बटण दाबा. आमचे शिपाईमामा वहीतून मोठ्यानं वाचतात, मी बघून दुरुस्त करते. तासाला पन्नास-साठ नोंदी होतात. आडनावं मात्र माईक हमखास चुकवतो, तिथे हातानंच लिहा.

खरा वेळ जातो तो लेखनाच्या एकसारखेपणात. खांडेकर सांगलीचे, आमच्याकडे त्यांची पुस्तकं भरपूर. ते तीन प्रकारे नोंदले गेले होते: वि. स. खांडेकर, वि.स.खांडेकर, विष्णु सखाराम खांडेकर. यंत्राला ही तीन माणसं. त्यासाठी ‘लेखक’ नावाचं वेगळं पान करून तिथे प्रत्येक नाव एकदाच लिहा आणि मुख्य पानावर ‘डेटा व्हॅलिडेशन’नं त्याची ड्रॉपडाउन यादी लावा.

याहून फसवी गोष्ट म्हणजे ऱ्या. एक आजी शीर्षकात ‘दऱ्या’ हा शब्द असलेलं पुस्तक मागत होत्या. शोधलं, नाही आलं. कपाटात मात्र समोरच होतं! डोळ्यांना सारखा दिसणारा हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एकात साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लागतं, दुसऱ्यात नुक्तावाला ऱ असतो. दोन वेगळ्या कळफलकांवरून नोंदी झाल्या असतील तर शीटच्या एका चौकटीतलं अक्षर कॉपी करून ‘शोधा आणि बदला’मध्ये टाका आणि सगळीकडे एकच रूप करा. अॅ आणि ॲ यांचंही तसंच. डीटीपीवाल्यांकडून आलेली जुनी यादी युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर सारखी दिसणाऱ्या लिपीत) नसेल, जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि ओळ न् ओळ तपासा.

झोटेरो या पुस्तकांचे संदर्भ साठवणाऱ्या मोफत साधनात आयएसबीएन टाकला की इंग्रजी पुस्तकाचे तपशील बहुधा आपोआप येतात. मराठीसाठी माझा अनुभव निराशेचा आहे, आणि जुन्या पुस्तकांवर तो क्रमांक नसतोच.

देवघेवीसाठी गूगल फॉर्म केला होता, तो सोडला. संध्याकाळी सहाला काउंटरवर आठ-दहा वाचक उभे असताना वहीच लवकर होते. वाचकांचे फोन नंबर शीटमध्ये भरू नका. आणि लिंक दिलीत तर ती ‘फक्त पाहण्यासाठी’ द्या.

पुढे कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरकडे जायचं असेल तर घाई नको. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी बनलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर 2000 सालापासून वापरात आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्याला लिनक्स सर्व्हर आणि तो सांभाळणारं कुणीतरी लागतं. पण रकाने वरच्याप्रमाणे सुटे ठेवलेत तर कोहा वापरतं त्या मार्क 21 या नोंदींच्या ठरलेल्या साच्यात लेखक 100 क्रमांकाच्या रकान्यात आणि शीर्षक 245 मध्ये सरळ बसतं.

कागदी नोंदवही बंद करू नका, अनुदानाच्या तपासणीला तीच मागतात. मी दर शनिवारी कुलूप लावण्याआधी फाईल उतरवते. एक पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये असतो, दुसरा मिरजेला कार्यवाहांच्या घरी.